जायफळाची झोप

माझी झोप माझ्या बायकोच्या हातात होती. कौतुक म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगतोय. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होतो आणि रिटायर होईपर्यंत माझ्या वाट्याला रात्रपाळीच जास्त आली. दिवसाची ड्यूटी मिळायला शिकलेलं असावं लागतं, नाहीतर सुपरवायझरच्या पुढंपुढं करता यावं लागतं. मी पाचवी शिकलो, आणि पुढंपुढं करणं मला जमलं नाही. सकाळी कंपनीची बस धारच्या स्टँडवर सोडायची तेव्हा सगळं गाव उठून कामाला लागलेलं असायचं. शाळेची पोरं, दूधवाले, देवळात जाणाऱ्या बायका, सगळे पुढं निघालेले, आणि मी एकटा घराकडं परत. डोळ्यांत वाळू, अंगाला तेलाचा वास, आणि झोप म्हणाल तर पत्ता नाही.

ज्यानं रात्रपाळी केली नाही त्याला हे कळायचं नाही. लोकांना वाटतं, दमलेला माणूस पडल्या पडल्या घोरतो. प्रेस रात्रभर धाडधाड करते ती घरी आल्यावरही कानात चालूच असते. अंग आडवं होतं, डोकं उभंच राहतं.

आमच्या पाळीतले लोक त्यावर काय काय करायचे. कुणी बसमधून उतरला की सरळ देशीच्या दुकानात. कुणी खोकला नसताना खोकल्याचं औषध प्यायचा. कुणी सर्दीची पिवळी गोळी खायचा, तिनं गुंगी येते म्हणून. भांगेची गोळी गालात धरून बसणारेही होते. माझ्या शेजारच्या प्रेसवर टोंकखुर्दकडचा एक जण होता, पीथमपूरलाच खोली घेऊन एकटा राहायचा. तो केमिस्टकडून पांढऱ्या गोळ्या आणायचा. मला म्हणायचा, "भिया, एक गोली, और सीधी शाम. बीच में कुछ नहीं." सुरुवातीला मला त्याचा हेवा वाटला. मग त्याची बस चुकायला लागली. बस मिळाली तरी तो पूर्ण आलेला नसायचा. डोळे उघडे, माणूस आत कुठंतरी राहिलेला. प्रेसवर असा माणूस उभा राहिला की आम्ही बाकीचे त्याच्या हातांकडं बघत काम करायचो. त्याची बोटं शाबूत राहिली हे नशीब. बोटं जायच्या आधी तोच गावी परत गेला.

जाण्याआधी त्यानं मला एक गोळी दिली होती, आठवण म्हणून दिल्यासारखी. मी ती घरी आणून बायकोला दाखवली.

"कशाची आहे?" तिनं विचारलं.

"झोपेची."

"आणि उठायची कुठाय?"

"म्हणजे?"

"झोपेची दिली, उठायची नाही दिली वाटतं तुमच्या मित्रानं," ती म्हणाली, आणि गोळी मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं.

मग तिनं बाळगुटीची सहाण काढली. मुलगा तेव्हा पाळण्यातून नुकताच खाली आला होता, त्यामुळं सहाण हाताशीच होती. वाटोळा, तळहाताएवढा दगड, मध्ये खोलगट झालेला. तिच्या आईनं देवासहून बाळंतविड्याबरोबर पाठवला होता. बाळगुटीत हळकुंड, वेखंड, खारीक, काय काय उगाळतात, आणि मोजमाप वेढ्यांचं असतं. सहाणेवर एक गोल फिरवला की एक वेढा. बाळाला जायफळाचे एक-दोन वेढे, त्यापेक्षा जास्त नाही. तिनं सहाणेवर दुधाचे थेंब टाकले, जायफळ धरलं आणि फिरवायला लागली.

"एवढं?" मी म्हटलं.

"बाळाला थोडे, बाळाच्या बापाला जास्त. बाप बघा केवढा आहे."

ते तिनं कोमट दुधात कालवून दिलं. चव गोडही नाही, कडूही नाही, जिभेला थोडं बधिर करणारी. जायफळ लगेच चढत नाही. ते पिऊन मी आंघोळ करायचो, जेवायचो, ती घरातल्या चार गोष्टी सांगायची, आणि त्यातल्या कुठल्यातरी गोष्टीच्या मध्येच मी जायचो. गोष्टीचा शेवट मला कधी कळला नाही. तेव्हापासून रात्रपाळी असली की सकाळी ते दूध. दारू मी लग्नकार्यातही घेतली नाही, मला गरजच पडली नाही.

पण नुसतं जायफळ नव्हतं ते. मी निजलो की ती घर राखायची. मी झोपलेला असताना आमच्याकडं कुकर लागला नाही. डाळ ती उघड्या पातेल्यात शिजवायची, त्याला किती वेळ लागतो ते करणाऱ्यालाच माहीत. नळ यायचा तेव्हा बादलीत फडकं सोडायची आणि पाण्याची धार त्या फडक्यावर घ्यायची, म्हणजे आवाज नको. भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं, "भैया, इस घर के आगे आवाज मत देना, रातवाले सोए हैं." तो बिचारा आमच्या दारासमोरून मुकाट जायचा आणि पुढच्या घरापाशी दुप्पट ओरडायचा. गल्लीत मला माझ्या नावानं कमी आणि 'रातवाले' म्हणून जास्त ओळखायचे.

आणि चारला उठवायची. हाक मारून नाही, हलवून नाही. पायाशी बसायची आणि पायाचा अंगठा धरायची. चिमटा नाही, नुसता धरून ठेवायची, गाठोड्याचं टोक धरावं तसा. मी कुठल्या कुठं असलो तरी त्या अंगठ्यावरून हळूहळू परत यायचो. डोळे उघडले की ती म्हणायची, "उठा, चहा झालाय." मुलालाही शाळेसाठी तसंच उठवायची. ती म्हणायची, डोक्याकडून उठवलं की माणूस दचकतो, पायाकडून उठवलं की नीट येतो.

अफूचं एकदा झालं होतं. मुलगा तान्हा असताना फार रडायचा. माझी आई तेव्हा होती. आई म्हणाली, मोहरीएवढी अफू बोटाला लावून चाटव, निजेल. आमच्या माळव्यात त्यात कुणाला काही वाटायचं नाही. शेतात निंदणी करणाऱ्या बायका लेकराला चाटवायच्या आणि झाडाखाली झोळीत टाकायच्या. माझी आईही तशीच वाढली असेल. पण बायको ऐकेना. सासूला उलट बोलणारी ती नव्हती, तरी म्हणाली, "झोपेल हो तो. पण उठल्यावर माझ्याकडं बघतो तसा बघायचा नाही." आईला राग आला. म्हणाली, "तंबूवाल्यांची लेक आम्हाला शिकवते."

तंबूवाल्यांची म्हणजे तिच्या माहेरचे पूर्वी दरबाराचे तंबू शिवायचे. आमचे लोक घोड्यांची खोगिरं शिवायचे. दोन्ही घराणी महाराष्ट्रातून फौजेच्या मागं मागं आलेली, त्यांचे देवासला टेकडीखाली राहिले, आमचे धारला. फौज गेली, घोडे गेले, आमच्या हाती सुई-दोरा राहिला, पुढं तोही गेला. पण तिची भाषा शेवटपर्यंत जुनी होती. आम्ही बाहेर हिंदी बोलून बोलून मराठीची खिचडी केली. ती मात्र सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची, सासूला 'आत्याबाई' म्हणायची. मुलाला मराठी वाचायला जड जातं, हे तो वाचेल की नाही मला माहीत नाही. तिनं वाचलं असतं, आणि चुका काढल्या असत्या.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मला रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी कापून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. जास्त बोलले नाहीत. दुखणं सुरू झालं. आधी कण्हायची नाही, दात दाबून धरायची. मग दातांच्या हातात राहिलं नाही. तेव्हा त्यांनी वेगळ्या गोळ्या दिल्या. लिहून, सही घेऊन, मोजून दिल्या. मी विचारलं, ह्या कशाच्या? डॉक्टर पोरगेलासा होता, चांगला होता. म्हणाला, "दादा, ये अफीम से ही बनती है. घबराओ मत, दर्द की दवा है. नींद तो आएगी."

घरी येताना गाडीत मी तिला सांगितलं. मला वाटलं, भिईल. ती दुखण्यातही हसली.

"म्हातारपणी का होईना," म्हणाली, "आत्याबाईंनी चाटवलीच शेवटी."

गोळीनं दुखणं थांबलं, ह्याबद्दल मी त्या डॉक्टरला दुवा देतो. ज्यांनी ते दुखणं बघितलं नाही त्यांनी त्या गोळीला नावं ठेवू नयेत. तोंड सुकायचं, शौचाला व्हायचं नाही, खाज सुटायची, ते सगळं आम्ही निभावलं. पण ती झोपायची. सकाळी झोपायची, दुपारी झोपायची, घास तोंडात असताना झोपायची. सगळं आयुष्य घरात मी निजलो आणि ती जागी राहिली. आता ती निजली आणि मी जागा. मी कुकर लावायचा नाही म्हणून सूनबाईला सांगितलं. सून म्हणाली, "बाबा, आईंना कुकरनं जाग येत नाही आता." खरं होतं. तिच्या उशाशी ढोल वाजवला असता तरी ती उठली नसती. तरी मी लावू दिला नाही.

गोळीचा जोर दुपारी चारच्या सुमाराला कमी व्हायचा. पुढची गोळी लगेच द्यायची, म्हणजे दुखणं वर यायच्या आधी ती पोटात जाते. पहिल्या वेळी मी गोळी आणि पाणी घेऊन बसलो, ती डोळे उघडून माझ्याकडं नीट बघायला लागली. तिचं ते बघणं बऱ्याच दिवसांनी दिसलं. मी गोळी पुढं केली.

"थांबा हो," ती म्हणाली. "आत्ता कुठं आलेय."

"दुखेल."

"दुखेल तेव्हा दुखेल. चहा करा. साखर घाला नीट, तुमच्या हातचा चहा म्हणजे काढा असतो."

तिथून तो तास ठरला. मी डॉक्टरला फोन करून विचारलं, तो म्हणाला, उनको जागना है तो जागने दो, दर्द बढ़े तो दे देना. गोळी माझ्या मुठीत असायची आणि ती चहा प्यायची. दोन-तीन घोट, त्याहून जास्त नाही. त्या तासासाठी मी बाकीचा दिवस ढकलायचो. मला दुसरं काही नको होतं, तो तास हवा होता. आणि तिला तो दुखण्याच्या बदल्यात मिळायचा, हे दोघांना माहीत होतं. कपाळावर घाम यायला लागला की मी मूठ उघडायचो. ती म्हणायची, "जरा थांबा," मी म्हणायचो, "पुरे," ती म्हणायची, "तुम्हाला नेहमी घाई." असं व्हायचं.

बोलायचो काय, काही नाही. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली का. समोरच्यांनी फाटकाला हा कसला रंग दिला. देवासच्या तिच्या धाकट्या बहिणीचं हिंगाचं प्रमाण. एकदा नेमावरचं निघालं. मी कामावर असताना एकदाच आम्ही दोघंच कुठं गेलो असू तर नेमावरला, नर्मदेवर. मी रात्रपाळी करून तसाच बसमध्ये बसलो होतो. घाटावर पिशवी डोक्याखाली घेतली ती दुपार सरल्यावर उठलो.

"नर्मदा बघायला नेलं होतंत की तुमची झोप राखायला?" ती म्हणाली.

"मग उठवायचं होतंस."

"का उठवू? मला चांगलं वाटत होतं. एक कोळी जाळं सोडवत बसला होता, सोडवतोय सोडवतोय, संपेचना. मी ते बघत होते. मध्ये तुमच्या तोंडावरची माशी हाकलत होते."

हे मला ती सांगेपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात नेमावर म्हणजे घाटाचे गरम दगड आणि परतीची बस. मग मला वाटलं, अशा किती दुपारी असतील. मी रात्रपाळीचा, रोज निजलेला. तेव्हा मी विचारलं, "मी झोपलो की तू काय करायचीस गं? म्हणजे काम झाल्यावर."

ती हसली. "बसायचे."

"नुसती?"

"नुसती कशी..." म्हणाली, आणि तिच्या कपाळावर घाम आला. मी मूठ उघडली. ती पाणी पिऊन म्हणाली, "उद्या सांगते. सांगण्यासारखं आहे ते."

दुसऱ्या दिवशी मी चारला तिच्या पायाशी बसलो. पायाला सूज होती, अंगठा गार होता. धरला. ती धरायची तसाच, नुसता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, पण ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या पलीकडच्या दाराकडं बघत होती.

"डबा भरलाय," ती म्हणाली. "बस येईल."

"कुठली बस? मी घरीच आहे."

"निघा तुम्ही. पोरगा उठेल, हळू निघा."

मी म्हटलं, बरं. उठून दारापर्यंत गेलो सुद्धा, चप्पल पायात घातली, कारण मी जाईपर्यंत ती डोळे मिटेना. मग परत आलो तेव्हा ती निजली होती. त्यानंतर ती पूर्ण अशी आलीच नाही. पुढच्याच आठवड्यात झोपेत गेली.

लोक म्हणतात, झोपेत गेली, पुण्यवान होती. मला ह्याचा राग येतो. तोंडावर बोलतोही मी. म्हणतो, तुम्हाला काय माहीत, तिला काहीतरी सांगायचं होतं.

ती गेल्यावर माझी झोप गेली. ह्यात नवल नाही. मुलगा पीथमपूरलाच कामाला जातो, औषधाच्या कारखान्यात, पॅकिंगला. तो मला इथल्याच एका डॉक्टरकडं घेऊन गेला आणि मला पांढरी गोळी मिळाली. टोंकखुर्दवाल्याची असायची तशीच, गोळ्यांची पट्टी तेवढी चकचकीत. सूनबाई रोज जेवण झाल्यावर गोळी आणि पाणी घेऊन उभी राहायची. खाल्ली मी काही दिवस. झोप येते, खोटं कशाला बोलू. बटण दाबल्यासारखी येते आणि बटण दाबल्यासारखी जाते. मध्ये काही नाही. ना स्वप्न, ना कूस बदलणं. आणि सकाळी उठलो की डोकं मागच्या खोलीत राहिल्यासारखं. चहा समोर असायचा आणि तो कुणी ठेवला हे आठवायला लागायचं. मुख्य म्हणजे त्या झोपेत ती येऊ शकत नाही. माझ्या मनात होतं, कधीतरी झोपेत अंगठ्याला हात लागेल. वेडेपणा म्हणा. पण त्या गोळीत तेवढीही फट नाही.

मी सुनेला सांगितलं, गोळी बंद.

"बाबा, डॉक्टरने बोला है ना," ती म्हणाली. इंदूरच्या मराठी घरातलीच आहे, पण घाईत असली की हिंदीवर येते.

"डॉक्टरला सांग, उठायची दे आधी."

तिला काय कळणार. "मग नींद कशी येणार तुम्हाला?"

"दुधात जायफळ दे."

तिनं दिलं. पाकिटातली पूड चिमूटभर टाकून, मायेनं. त्याला बर्फीचा वास होता. मी प्यायलो, छान आहे म्हटलं आणि जागा राहिलो.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर भाद्रपदात तिची पहिली अविधवा नवमी आली. ज्यांच्याकडं हे नसतं त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात नवमीला एका सवाष्णीला बोलावतात, ओटी भरतात, जेवू घालतात. नवरा जिवंत आहे तोवरच हे करायचं. नवरा गेला की नवमी बंद. म्हणजे मी आहे तोवर तिचं ताट. मुलाला म्हटलं, कितीदा होईल सांगता येत नाही, तेव्हा नीट करा. पुरण घाला.

सवाष्ण म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती देवासहून सकाळच्या बसनं आली. आल्या आल्या म्हणाली, "भावजी, संध्याकाळच्या बसनं मला जायचंय हां. आमच्याकडं ह्यांची शुगर आहे, मी नसले की जिलब्या खातात." बोलणं सगळं बहिणीसारखं, फक्त आवाज जरा वरच्या पट्टीतला.

सुनेनं पुरण शिजवलं, वाटलं, आणि वेलचीच्या डब्याबरोबर ती पाकिटातली पूड काढली. ती बघितली आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

"ती नको. जायफळ मी उगाळतो."

मेहुणीनं डोळे मोठे केले. "तुम्ही? स्वयंपाकघरात? ताई बघत असेल तर कपाळाला हात लावेल."

"लावू दे."

सहाण मी धुऊन आणली. माळ्यावर होती, तिच्या बांगड्यांच्या डब्याबरोबर. जायफळही अख्खं आणलं होतं. जमिनीवर मांडी घालून बसलो, दुधाचे थेंब टाकले आणि सुरू केलं. आता पुरणात किती घालायचं? हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुरणात ती जायफळ उगाळत नसे, किसत असे, तेही नखभर, हे मला मागाहून मेहुणीनं सांगितलं. मला माहीत होते ते माझ्या दुधातले वेढे. मी म्हटलं, एका माणसाला एवढे, तर जेवणारे आम्ही चौघं, शिवाय शेजारच्या काकूंचं ताट. कारखान्यात माल असाच काढतात. एका नगाला किती, ते गुणिले नग. मी उगाळत गेलो. सहाणेवर लाल-तपकिरी गंध साठलं की वाटीत काढायचं, पुन्हा दूध, पुन्हा वेढे. एक जायफळ संपून बोटं दगडाला लागायला लागली तेव्हा दुसरं घेतलं. सुनेनं एकदा विचारलं, "बाबा, इतना?" मी म्हटलं, "तुला काय माहीत." ती तवा ठेवायला वळली. मेहुणी बाहेर फोनवर नवऱ्याला जिलबीबद्दल दम देत होती.

घरात तो वास पसरला. तो तिचाच वास होता, सकाळी सातचा. मी कुणाकडं बघितलं नाही, उगाळत राहिलो.

ओटी भरली. मेहुणी पाटावर बसली, सुनेनं हळद-कुंकू लावलं. पोळीचा पहिला घास घेतला आणि मेहुणी थांबली. "जायफळ भारी लागलंय गं," म्हणाली. मग दुसरा घास घेतला. "पण चांगलं लागतंय." तूप घालून तिनं तीन पोळ्या खाल्ल्या. मुलगाही कधी नव्हे तो पोटभर जेवला. म्हणाला, "दादा, आज आईची आठवण आली चवीत." आम्ही सगळेच जेवलो.

पहिली मेहुणी गेली. "जरा पाठ टेकते, बसला वेळ आहे," म्हणाली आणि तिच्या ताईच्या पलंगावर पडली. मुलगा सोफ्यावर, हातात रिमोट तसाच. सून भांडी आवरते म्हणाली, आणि थोड्या वेळानं बघतो तर चटईवर आडवी, हाताला अजून राख लागलेली. मलाही आतून ओढायला लागलं होतं. मला ते ओळखीचं होतं. आधी हात जड होतात, मग आवाज लांब जातात. मी माझ्या जागेवर, खाटेवर जाऊन पडलो आणि चक्क पाय चादरीबाहेर काढून ठेवले. कारण काय ते सांगायला नको.

निजलो. किती वर्षांनी तसा निजलो. खोल, गरम, पुरणाच्या वासाची झोप. पण अंगठ्याला हात लागला नाही. माझे मीच डोळे उघडले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरून गेली होती आणि तोंडाला कोरड पडली होती.

घरात आवाज नव्हता. उठून बसलो तर जमीन जरा हलली. मेहुणीच्या पर्समध्ये फोन वाजत होता, वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी जाऊन घेतला. तिचा नवरा.

"कुठं आहे ती? बसमध्ये बसली का?"

"झोपलीय," मी हळू बोललो. "बस गेली. उद्या पाठवतो."

"उठवा की!"

"नाही," मी म्हटलं. "आणि जिलबी खाऊ नका."

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत खुर्ची घेतली आणि बसलो. बसावंसं वाटलं म्हणून बसलो. सगळ्यांच्या श्वासांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. मेहुणीचा शिट्टीसारखा, सुनेचा अगदी बारीक, मुलगा मध्येच काहीतरी पुटपुटायचा. बाहेरून भाजीवाला आला, ओरडायला तोंड उघडलं असेल तोच मी खिडकीतून हात केला, तो हसला आणि पुढं गेला. माशी मुलाच्या गालावर बसली, ती मी हाकलली. मग पुन्हा बसलो. कुणीही मला काही मागत नव्हतं. सगळे माझ्याजवळ होते आणि कुणी कुठं जाणार नव्हतं. मला वाटलं हे असंच चालावं, कुणी उठू नये. आणि मग लक्षात आलं की मी कुठं बसलोय. ही खुर्ची जिथं आहे तिथं तिचा पाट असायचा. ती ह्या बाजूला बसायची, मी त्या बाजूला निजलेला. नुसती कशी, असं म्हणाली होती ना.

मी बराच वेळ बसलो.

अंधार पडायला लागला तेव्हा उठलो. दिव्याच्या वेळी झोपू नये असं ती म्हणायची. चहा टाकला. आवाज नको म्हणून चमचा न वाजवता साखर ढवळली, आणि साखर नीट घातली. मेहुणीला आणि सुनेला कसं उठवणार, त्या आपल्या उठतील कपांच्या आवाजानं. मी मुलाच्या सोफ्याशी गेलो, पायाकडं बसलो आणि त्याचा अंगठा धरला. नुसता धरला.

आधी काही झालं नाही. मग त्याच्या कपाळाला आठी पडली, पाय किंचित ओढून घेतला, पण सोडवून घेतला नाही. डोळे न उघडता म्हणाला, "पाच मिनिटं, आई."

मी अंगठा सोडला नाही. म्हटलं, "उठ. चहा झालाय."